मडके कोण थापटणार?

पत्राचा सारांश : भांडुपला राहणाऱ्या आणि एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात काम करणाऱ्या ४६ वर्षांच्या एका वाचक ताईंचे हे पत्र आहे. गेली सहा वर्षे त्या पहाटे अर्धा तास ध्यानाला बसतात, ज्ञानेश्वरी अधूनमधून वाचतात आणि प्रवासात वेदान्तावरची व्याख्याने ऐकतात. त्यांच्या सासूबाईंनी तरुणपणी गुरूंचा अनुग्रह (दीक्षा) घेतलेला आहे आणि ‘निगुऱ्याची (ज्याला गुरू नाही त्याची) साधना वाया जाते’ असे त्या वारंवार बोलून दाखवतात. दोन वर्षांपूर्वी ताई एका शिबिराला गेल्या होत्या. तेथे दीक्षेसाठी ११,००० रुपये मागण्यात आले आणि मंत्राबद्दल घरात कोणाशीही बोलायचे नाही अशी अट घालण्यात आली. त्या उठून परत आल्या आणि यापुढे कोणाही माणसापुढे शिष्य म्हणून उभे राहायचे नाही, असे त्यांनी ठरवले. आठ महिन्यांपूर्वी लोकलच्या गर्दीत उभ्या असताना काही मिनिटे त्यांना ‘मी’ नावाचे काही उरलेच नाही असे वाटले आणि विलक्षण शांतता अनुभवास आली. तो अनुभव पुन्हा आलेला नाही आणि त्याची रुखरुख त्यांना लागून राहिली आहे. त्या विचारतात : ‘गुरूशिवाय मला आत्मज्ञान होऊ शकेल का? की अहंकारापोटी मी हा हट्ट धरून बसले आहे? हे कोणाला विचारावे तेच कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.’

ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. गुरूशिवाय ज्ञान होते का, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘हे कोणाला विचारावे तेच कळत नाही’ हे वाक्य मात्र तुमचे स्वतःचे आहे. तुमची खरी अडचण तिथेच आहे असे मला वाटते, आणि तिच्याकडे यायचे म्हणूनच आधी मोठ्या प्रश्नाला हात घालतो.

परंपरा काय म्हणते ते तुम्हाला बरे वाटावे म्हणून मवाळ करून सांगणार नाही. मुंडकोपनिषद स्पष्ट सांगते की ते ज्ञान हवे असेल त्याने हाती समिधा घेऊन गुरूकडेच जावे, आणि तो गुरू श्रोत्रिय (वेदांचा जाणकार) व ब्रह्मनिष्ठ (ब्रह्मात स्थिर झालेला) असावा. तुमच्या घरी संध्याकाळी हरिपाठ होतो असे तुम्ही लिहिले आहे. त्यातला पाचवा अभंग आठवा. ‘भावेंवीण देव न कळे निःसंदेह । गुरुवीण अनुभव कैसा कळे’ असे ज्ञानदेवच विचारतात, तेव्हा तुमच्या सासूबाई काही पदरचे बोलत नाहीत. परंतु त्याच अभंगाचा शेवट ‘साधूंचे संगती तरणोपाय’ असा आहे. गुरूपासून सुरू झालेले बोलणे ज्ञानदेव साधूंच्या संगतीपाशी आणून सोडतात, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

छांदोग्य उपनिषदातही ‘आचार्यवान् पुरुषो वेद’, म्हणजे ज्याला आचार्य आहे तोच जाणतो, असे निःसंदिग्ध वचन आहे. पण ते ज्या दृष्टांताच्या पोटात आले आहे, तो दृष्टांत पाहा. एका माणसाला डोळे बांधून गांधार देशातून दूर आणले आणि निर्जन ठिकाणी सोडून दिले. तो ओरडत राहिला. कोणीतरी येऊन त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि गांधार या दिशेला आहे, असा जा, एवढे सांगितले. मग तो गावोगाव विचारत, स्वतःची बुद्धी वापरत, आपल्या देशाला पोहोचला. पट्टी सोडणारा माणूस त्याला खांद्यावर घेऊन गेला नाही. सगळी वाट त्याने आपल्या पायांनी तुडवली आणि प्रत्येक गावात नव्या माणसाला रस्ता विचारला. आचार्य हवा असे सांगणारा हा दृष्टांत आहे, आणि वाटेवर भेटणाऱ्या अनोळखी माणसांना विचारण्याची तयारी हवी असे सांगणाराही हाच आहे.

तुमच्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे : एक तर आयुष्यभरासाठी एक गुरू करायचा, त्याच्या चरणी सर्व वाहायचे, किंवा मग कोणाचेही काही न ऐकता एकटीने चालायचे. आपल्या परंपरेने अशी दोनच दारे ठेवलेली नाहीत. सत्यकाम जाबालाची गोष्ट घ्या. गुरू गौतमांनी त्याला ४०० रोडकी गुरे देऊन रानात पाठवले आणि त्यांची हजार होईपर्यंत तो परतला नाही. त्या वर्षांत आणि परतीच्या वाटेवर त्याला ब्रह्माचा उपदेश कोणी केला? एका बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने. तो आश्रमात आला तेव्हा गौतम म्हणाले, ‘तू ब्रह्म जाणणाऱ्यासारखा उजळून दिसतोस; तुला कोणी शिकवले?’ त्याने उत्तर दिले की माणसांनी नव्हे, दुसऱ्यांनीच. आणि तरीही त्याने गुरूंना विनंती केली की आपण सांगावे, कारण आचार्यांकडून कळलेली विद्याच उत्तम प्रकारे फळास जाते असे मी ऐकले आहे. गौतमांनी तेच पुन्हा सांगितले, त्यात काहीही उणे राहिले नाही. मला ही गोष्ट अतिशय प्रिय आहे. सत्यकामाला रानात जे कळले ते खरेच होते, ते खोटे किंवा अपुरे ठरले नाही. पण ते एका जाणत्या माणसापुढे ठेवावे आणि त्याच्या तोंडून पडताळून घ्यावे, असे त्याला स्वतःलाच वाटले.

भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत तर यदुराजाला आपले २४ गुरू मोजून दाखवतो. त्यांत पृथ्वी आहे, कबुतर आहे, अजगर आहे, पिंगला वेश्या आहे, बाण घडवण्यात गढून गेलेला कारागीर आहे. एकाच गुरूपासून मिळालेले ज्ञान भक्कम आणि भरपूर होत नाही, असेही तो म्हणतो. गुरू न करणाऱ्यांना हे वचन फार आवडते. पण त्याच स्कंधावर ज्यांनी मराठीत विस्ताराने टीका लिहिली आणि हे चोवीस गुरू घराघरांत पोहोचवले, त्या एकनाथांनी स्वतः देवगिरीला जनार्दनस्वामींची एकनिष्ठेने सेवा केली होती. नाथांना त्यात विरोध दिसला नाही, आणि आपणही तो उभा करण्याचे कारण नाही.

तुकोबांचे उदाहरण तुम्ही पत्रात दिलेच आहे. त्यांना गंगास्नानाला जाताना वाटेत, स्वप्नात, बाबाजी चैतन्य भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले, पण स्वप्नातच त्याचा विसर पडला आणि सेवा काही घडली नाही, ही खंत तुकोबांनी अभंगात नोंदवून ठेवली आहे. पुढे संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला. रमण महर्षींना तर १८९६ साली, वयाच्या १६व्या वर्षी, मदुरेच्या घरात मृत्यूच्या भीतीतून आत्मसाक्षात्कार झाला. देहधारी गुरू त्यांना नव्हता आणि अरुणाचल पर्वतालाच ते गुरू मानत. ही उदाहरणे दार खुले आहे एवढे निश्चित सांगतात. पण ताई, अपवादाच्या चरित्रातून आपल्यासाठी पद्धत काढू नये. तुकोबांना स्वप्नात गुरू भेटले त्यामागे दुष्काळ, घरातले मृत्यू, भामनाथ आणि भंडारा या डोंगरांवरचे एकांत आणि रात्रंदिवस चाललेले संतवचनांचे पाठांतर होते. त्यातले काही आपण उचलू शकतो. स्वप्न उचलता येत नाही.

आता ‘हे कोणाला विचारावे तेच कळत नाही’ या तुमच्या वाक्याकडे येतो. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते तेव्हाची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. मुक्ताईने कुंभाराच्या थापटण्याकडे (मडके थापटून पाहण्याच्या लाकडी साधनाकडे) बोट दाखवून हे काय म्हणून विचारले, आणि मग गोरोबा ते घेऊन एकेका संताच्या डोक्यावर थापटत फिरले. बाकीचे शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला, आणि हे मडके कच्चे आहे असा निर्णय झाला. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवत असे त्या नामदेवांबद्दल हा निर्णय होता! त्यांची भक्ती खोटी नव्हती, त्यांचे अनुभव खोटे नव्हते. उणीव थापटले गेल्यावर दिसली, त्याआधी ती देवाच्या सान्निध्यातही त्यांच्या लक्षात आली नव्हती. त्यानंतर ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले.

गुरू या शब्दात आपण खूप गोष्टी कोंबतो : मंत्र देणारा, शिकवणारा, आधार देणारा, देवाच्या जागी असणारा. यांपैकी शिकवणारे तुम्हाला मिळाले आहेत. ज्ञानेश्वरी तुमच्या हातात आहे, उपनिषदे कानावर आहेत. आधार तुम्ही स्वतःच्या नित्यनेमात शोधला आहे. तुमच्याकडे थापटणारा हात नाही. सहा वर्षांत तुमच्या समजुतीला कोणी हरकत घेतलेली नाही, तुमच्या ध्यानाबद्दल कोणी उलट प्रश्न विचारलेला नाही. ग्रंथ चुकीचा अर्थ लावला तरी बोलत नाही, आणि मोबाइलवरचा वक्ता तुम्हाला ओळखत नाही. म्हणून ‘गुरू करू की नको’ हा निर्णय बाजूला ठेवून ‘मला कोण थापटेल’ हा प्रश्न आधी घ्यावा, असे मी सुचवतो. हाताला लागेल असा तोच आहे.

शिबिरातून उठून आलात ते योग्यच केलेत. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी गुरूची लक्षणे सांगताना करामती दाखवणारे गुरू मोक्षदाते नव्हेत असे बजावले आहे, आणि जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, असे गुरू ‘आडक्याचे तीन मिळाले तरी त्यजावे’ असे म्हटले आहे. मंत्राची किंमत ठरवणे, घाई करणे, घरच्यांपासून लपवायला लावणे, सोडून गेल्यास अनिष्ट होईल अशी भीती घालणे, यांतले एकही लक्षण दिसले तर तेथून निघावे. (मंत्र गुप्त ठेवण्याची प्रथा जुनी आणि आदरणीय आहे, दीक्षेसाठी पैसे मागून वर घरात बोलू नका असे सांगणे हे त्याहून अगदी वेगळे.) चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा तर महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मात्र त्या एका संध्याकाळच्या जोरावर तुम्ही जन्मभराचा जो नियम केलात, तो मला घाईचा वाटतो. त्या शिबिराने तुम्हाला एका व्यवहाराबद्दल शहाणे केले. गुरूबद्दल त्याने काहीच शिकवले नाही.

लोकलमधल्या अनुभवाबद्दल लिहिताना मी अधिक सावध राहतो, कारण मी तुमच्यासमोर बसलेलो नाही. तो काय होता हे मी ठरवू शकत नाही. पण पतंजलींनी योगसूत्रांत साधनेतले नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजले आहेत. त्यांत आजार, संशय आणि आळस यांच्या ओळीत शेवटचा अंतराय ‘अनवस्थितत्व’ हा आहे, म्हणजे साधनेतली एखादी पायरी हाताला लागूनही तिथे स्थिर न राहता येणे. तुमची आठ महिन्यांची रुखरुख साधकांच्या इतकी ओळखीची आहे की तिला शास्त्राने नाव देऊन ठेवले आहे. त्यावरचा उपाय म्हणून पतंजली एकाच तत्त्वाचा अभ्यास सांगतात, आणि लगेच पुढच्या सूत्रात सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाला पाहून आनंद आणि दुष्टाबद्दल उपेक्षा. गेलेला अनुभव परत कसा आणावा याची युक्ती तिथे नाही. वेदान्ताच्या दृष्टीने तर जे आले आणि गेले ते कितीही सुंदर असले तरी शोधायची वस्तू नव्हे; ज्याला ते आले आणि गेले हे कळले, त्याच्याकडे पाहायचे आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. अशा अनुभवानंतर झोप उडाली असेल, आपण किंवा भोवतालचे जग खरे नाही असे वाटून भीती दाटत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्याने साधनेला कमीपणा येत नाही.

हा अहंकार आहे का, असे तुम्ही विचारता. थोडा असेलही, आपल्यापैकी कोणाला तो सुटला आहे? पण स्वतःच्या अहंकाराची शंका घेऊन जी व्यक्ती अनोळखी माणसाला पत्र लिहिते, तिने थापटून घेण्याची तयारी दाखवलेलीच आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल ते सांगतो. तुमच्यासारख्या प्रश्नाने अडलेल्या इतरांनाही ते उपयोगी पडावे. ज्ञानेश्वरी अधूनमधून वाचणे थांबवून ती क्रमाने घ्यावी. तिच्या ९,००० हून थोड्या अधिक ओव्या आहेत. रोज २५ ओव्या अर्थासह वाचल्या तर एका वर्षात ग्रंथ पूर्ण होतो, आणि सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत त्यासाठी पुरेशी आहे. त्या वर्षात व्याख्याने ऐकणे निम्म्यावर आणावे. चार वक्त्यांचे चार सिद्धांत एकाच आठवड्यात कानावर पडले की मनन व्हायला जागाच उरत नाही, आणि श्रवणानंतर मनन हवेच. तेराव्या अध्यायात अमानित्व (मानाची हाव नसणे), अदंभित्व (दिखावा नसणे), क्षांती (क्षमा) अशी ज्ञानाची लक्षणे येतात, आणि त्यांत आचार्योपासना, म्हणजे गुरूची सेवाही आहे. तिथे मुद्दाम रेंगाळावे. ती लक्षणे वाचून कार्यालयातला आपला मागचा आठवडा आठवावा. हे थापटणे स्वतःचे स्वतःला करता येते.

ध्यान, नामस्मरण, वाचन हे घरी एकटीने निश्चिंतपणे करावे. प्राणायामातला कुंभक (श्वास रोखून धरणे) आणि शक्ती जागृत करण्याच्या क्रिया मात्र पुस्तकावरून किंवा पडद्यावरून कधीही करू नयेत. तिशीत असताना मी स्वतः एका पुस्तकावरून श्वास रोखण्याचा अभ्यास वाढवत नेला होता. दोन महिन्यांत झोप गेली, छातीत धडधड सुरू झाली, आणि ती साधनेतली प्रगती आहे असे मी समजत राहिलो. एका वृद्ध योगशिक्षकांनी माझे बोलणे पाच मिनिटे ऐकले आणि सगळे बंद करून तीन महिने फक्त चालायला जा, असे सांगितले. त्यांच्याशी माझे गुरुशिष्याचे नाते नव्हते, पण त्या दिवशी ते भेटले नसते तर काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो.

असा माणूस कुठे शोधायचा? मुंबईत राहून ही तक्रार आपण करू नये. पवईच्या सांदीपनी साधनालयात वेदान्ताचे पद्धतशीर अध्यापन होते, खारच्या रामकृष्ण मठात प्रवचने होतात, वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात वारकरी मंडळी भेटतात. शिक्षकाकडे शिकायला दीक्षा लागत नाही, शिष्यत्व पत्करावे लागत नाही. वहीत प्रश्न लिहून न्यावा आणि उत्तर ऐकून घरी यावे. गीता ज्ञान मिळवण्यासाठी प्रणिपात (नम्रपणे वंदन), परिप्रश्न (खोदून प्रश्न विचारणे) आणि सेवा अशी तीन साधने सांगते. प्रणिपाताशी तुमचे मन अडले असेल, तर परिप्रश्नापासून आरंभ करायला कोणाची हरकत आहे? त्याशिवाय तीन-चार समवयस्क साधकांनी पंधरा दिवसांतून एकदा एकत्र बसून एकच उतारा वाचावा, आणि एकमेकांच्या अर्थावर मोकळेपणाने हरकत घ्यावी. तुमच्या लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणींपैकीच एखादी निघेल.

असे दोन-तीन वर्षे चालल्यावर एखाद्या व्यक्तीपाशी मन आपोआप नमले, तर जुना नियम आड येऊ देऊ नका. नाही नमले, तर सक्तीने नमवू नका. निसर्गदत्त महाराज याच शहरातले, गिरगावात खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत राहणारे, विड्यांच्या दुकानावर प्रपंच चालवणारे गृहस्थ. १९३३ साली एक मित्र त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे घेऊन गेला. १९३६ साली सिद्धरामेश्वर महाराजांनी देह ठेवला, म्हणजे सहवास जेमतेम तीन वर्षांचा. ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, एवढे गुरूंनी सांगितले आणि शिष्याने ते मनापासून केले. पुढे त्याच घराच्या पोटमाळ्यावर देशोदेशीचे लोक प्रश्न विचारायला येत आणि ते उत्तर देत बसत. मित्र म्हणाला म्हणून ते गेले होते, गेल्यावर ऐकले आणि पटले म्हणून केले.

शेवटी सासूबाईंविषयी. त्यांच्याशी वाद घालून हा प्रश्न मिटणार नाही आणि गप्प राहूनही मिटणार नाही. तुमच्या पत्रात त्यांचे मत दोनदा आले आहे, पण त्यांना अनुग्रह कोणी दिला, त्या वेळी त्यांचे वय काय होते, कोणते साधन सांगितले गेले आणि इतक्या वर्षांत त्यांना काय कळले, यातले काहीच आलेले नाही. कदाचित ते घरात कोणी विचारलेच नसेल. एखाद्या रविवारी हरिपाठ झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि हे सगळे विचारा. अनुग्रह घ्यायचा की नाही याबद्दल त्या दिवशी एक अक्षरही बोलू नका. त्या सांगत असताना मध्ये थांबवू नका, आणि सांगून झाल्यावर तुमचा लोकलमधला अनुभव त्यांना सांगा. त्या काय म्हणतात ते मला कळवाल तर आनंद होईल.